जुवावरचा भार

उसाच्या गाडीबद्दल बोलताना आपण एकच प्रश्न विचारतो: किती टन? शेतकरी तेच विचारतो, तोडणी करणारा तेच विचारतो आणि कारखान्याचा वजनकाटाही तेवढंच सांगतो. बैलाच्या मानेला मात्र दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर भोगावं लागतं. तो भार गाडीत कुठे ठेवला आहे? दोन गाड्यांचं वजन काट्यावर अगदी सारखं भरेल. तरी एकीचे बैल कारखान्याच्या आवारात शांत रवंथ करत उभे असतील आणि दुसरीचे मान खाली घालून, खांदा सुजवून. या फरकाकडे आपलं पुरेसं लक्ष गेलेलं नाही, असं मला वाटतं. तो नीट उलगडला तर बैलगाडीपासून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत आणि तिथून अमेरिकेतल्या मराठी कुटुंबाच्या मोटारीमागच्या फिरत्या घरापर्यंत, सगळीकडे एकच गोष्ट घडताना दिसते.

आजऱ्यातून पाहिलं तर ती लवकर दिसते, कारण इथली जमीन ती लपू देत नाही. आंबोलीजवळ उगम पावलेली हिरण्यकेशी आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे जाते. नदीकाठ आणि चित्रीच्या पाण्याचा पट्टा धरून ऊस पिकतो, पण शेत खाली आणि रस्ता वर, हा इथला नेम. शेतातून गाडी निघाली की पहिल्यांदा चढ. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीकडे आणि पुढे सावंतवाडीला उतरणारा हा रस्ता फार वेळ सपाट राहत नाही. गवसे इथला आजरा साखर कारखाना याच मुलखात आहे. त्यामुळे इथली उसाची गाडी एकाच फेरीत चढ, उतार, खड्डा आणि सपाटी, सगळं पाहते, आणि तिच्यात भार कुठे ठेवला आहे ते प्रत्येक वळणावर नव्याने जाणवतं.

दोन चाकांच्या गाडीला तीन आधार असतात: दोन चाकं आणि पुढचं जू. दोघांनी मिळून धान्याचं पोतं बांबूला अडकवून नेताना पोतं ज्याच्या जवळ सरकतं त्याच्या खांद्यावर जास्त ओझं येतं, तसंच इथे आहे. फरक एवढाच की गाडीत बहुतेक सगळं ओझं चाकांनी घ्यावं आणि जुवावर अगदी थोडं यावं, अशी रचना असते. आता हिशेब करू. गाडी आणि ऊस मिळून दोन हजार किलो धरा, आणि चाकांच्या कण्यापासून जुवापर्यंतचं अंतर तीन मीटर. भाराचा मध्य बरोबर कण्यावर आला तर सपाट जमिनीवर जुवावर काहीच येणार नाही. तोच मध्य पंधरा सेंटिमीटर पुढे सरकला की जुवावर शंभर किलो येतात. पंधरा सेंटिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही. एक मोळीही न वाढवता, फक्त रचताना हात थोडा पुढे पडला म्हणून, दोन बैलांच्या मानेवर एक क्विंटल चढतो.

मग भाराचा मध्य नेमका कण्यावर आणला, जुवावर शून्य ठेवलं, तर बैल सुखी होतील का? पहिल्यांदा ऐकताना हे पटण्यासारखं वाटतं, पण ज्याने गाडी हाकली आहे तो लगेच मान हलवेल. शून्यावर ठेवलेली गाडी शून्यावर राहत नाही. चाक खड्ड्यात गेलं, गाडीवान मागे सरकून बसला, मागची दोरी ढिली होऊन मोळ्या घसरल्या, की ती उलाळते. जू वर उठतं, बैलाच्या गळ्याखालचा पट्टा गळ्याला काचतो, आणि ज्या जनावराला पुढे रेटा द्यायचा असतो त्याचे पाय जमिनीवर धड टेकत नाहीत. धुरजड, म्हणजे पुढे जड, गाडी बैलाला दमवते आणि उलाळ गाडी त्याला घाबरवते. दोन्ही वाईटच, पण उलाळ अचानक येते आणि सावरायला वेळ देत नाही, म्हणून जाणता गाडीवान नेहमी थोडी धुरजड बाजूच पत्करतो. सांध्यावर थोडा भार हवाच. या लेखाचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, आणि पुढचा प्रश्न ‘थोडा’ म्हणजे किती, एवढाच आहे.

सपाट मुलखात याचं उत्तर सोपं आहे. आजऱ्यात नाही, कारण चढाला भाराचा मध्य मागे कलतो आणि उताराला पुढे. उसाची गाडी उंच भरलेली असते. भाराचा मध्य जुवाच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर वर आहे असं धरा. दहा मीटरला एक मीटर असा चढ लागला की तो मध्य पाच सेंटिमीटर मागे गेल्यासारखा होतो, म्हणजे वर धरलेल्या गाडीत जुवावरचे सुमारे तेहतीस किलो कमी होतात. तेवढाच उतार लागला की तेहतीस किलो वाढतात. आता पाहा: सपाटीवर जुवावर तीस किलो ठेवून निघालेली गाडी त्या चढावर उलाळणार. साठ किलो ठेवून निघालेली गाडी चढावर सत्तावीसवर येईल, उतारावर त्र्याण्णववर जाईल, पण कुठेही बैलांना उचलणार नाही. म्हणून सपाटीवर किती भार ठेवायचा हे सपाटी ठरवत नाही, वाटेतला सगळ्यात कडक चढ ठरवतो. गडहिंग्लजच्या पूर्वेला मोकळ्या रानात शिकलेला हात आजऱ्यात थोडा बदलावा लागतो, तो यामुळे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर हिशेब खोटा उत्साह देईल. त्याच चढावर बैलांना जुवावरच्या भाराशिवाय गाडी वर ओढण्याचा जोर लावावा लागतो, आणि दोन हजार किलोच्या गाडीसाठी दहास एक चढावर तो दोनशे किलोच्या घरात असतो. भार कितीही शहाणपणाने रचला तरी हे दोनशे किलो कमी होत नाहीत. ते कमी करायचे तर ऊसच कमी भरावा लागतो. ओझी ओढणाऱ्या जनावरांबाबत केंद्र सरकारने १९६५ मध्ये केलेल्या नियमांत हे ओळखलेलं आहे. सलग एक किलोमीटर किंवा त्याहून लांब चढण असेल आणि ती तीस मीटरला तीन मीटरपेक्षा कडक असेल, तर तिथे ठरवून दिलेल्या वजनाची मर्यादा निम्मी धरायची. नियम करणाऱ्यांनी दहास एक हाच उंबरठा धरला आहे, आणि बैलाच्या अंगाने पाहिलं तर तो रास्त आहे.

रचण्याकडे परत येऊ, कारण खरी कला तिथे आहे. ऊस हा सारख्या वजनाचा माल नाही. बुडखा जड आणि शेंड्याकडचा भाग हलका. सगळ्या मोळ्यांचे बुडखे एकाच बाजूला ठेवले तर गाडी डोळ्यांना सारखी भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात एका टोकाला जड असते. तळाचे थर घालताना बुडखे कुठल्या तोंडाला, वरच्या थरात ते फिरवायचे की नाही, मागे किती लांब सोडायचं, हे सगळं भाराचा मध्य हलवतं. गाडी मागे लांबवर भरली तर मागच्या प्रत्येक मोळीचा जोर कण्यापासूनच्या अंतराने वाढतो. त्याची भरपाई करायला पुढे आणखी मोळ्या टाकल्या तर जुवावरचा आकडा जमतो, पण दोन्ही टोकांना जड झालेली गाडी खड्ड्यात जास्त हेलकावे खाते आणि प्रत्येक हेलकावा मानेवर आपटतो. म्हणून जड माल कण्याजवळ, हलका टोकांना, आणि मध्य कण्याच्या किंचित पुढे. बैल जुंपण्याआधी पुढचा टेकू काढून दांडी हाताने उचलून पाहिली की अंदाज येतो. दोन माणसांना धाप न लागता उचलता आली पाहिजे, आणि सोडली तर खाली आली पाहिजे. आपण होऊन वर जाऊ पाहणारी दांडी म्हणजे परत रचायला सांगणारी गाडी.

लोखंडी धावेची लाकडी चाकं जाऊन रबरी टायरची डनलॉप गाडी आली तेव्हा बैलाचं काम खरोखर हलकं झालं होतं. मऊ जमिनीत ही चाकं कमी रुततात, ओढायला कमी जोर लागतो. पण वाचलेला जोर बैलाला मिळाला नाही, उसाला मिळाला. गाडी हलकी चालते म्हणून भार वाढत गेला, दोन टन आणि त्याहून पुढे. चाकाने ओढ कमी केली, जुवावरच्या दाबाला त्याने हात लावला नाही. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण प्रेमाने खांदेमळणी करतो, हळद आणि तेल किंवा लोणी लावून खांदा चोळतो. तो खांदा हंगामभर सुजतो तो याच दाबाने आणि घासण्याने, आणि तो दाब रचणाऱ्याच्या हातात असतो. ही जाणीव खांदेमळणीच्या दिवसापुरती राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

२०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या साखराळे इथल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ऑटोमोबाईल शाखेच्या विद्यार्थ्यांनी याच दाबावर उपाय शोधला. दोन बैलांच्या मध्ये, पुढच्या दांडीखाली, एक तिसरं चाक बसवलं. त्याला त्यांनी ‘सारथी’ नाव दिलं. त्याचं छायाचित्र देशभर फिरलं आणि लोकांनी मनापासून कौतुक केलं. ते योग्यच होतं. ज्या विद्यार्थ्यांनी आसपास रोज उसाच्या गाड्या पाहिल्या, त्यांनी प्रश्न बरोबर जागी ओळखला: त्रास चाकांवरच्या वजनाचा नाही, मानेवरच्या वजनाचा आहे. ते वजन तिसऱ्या चाकाने जमिनीला दिलं की बैलांकडे फक्त ओढ उरते.

पण वजन नाहीसं झालं नाही, त्याची जागा बदलली. डांबरी रस्त्यावर तिसरं चाक ते सहज पेलेल. नांगरलेल्या शेतातून गाडी बाहेर काढताना तेच चाक रुतू शकतं आणि तेव्हा मानेवरून काढलेलं ओझं ओढीच्या रूपाने परत येतं. आणखी एक गोष्ट आहे. पुढे चाक आहे म्हणून गाडी कशीही पुढे जड भरली तरी चालते, असं वाटू लागलं तर नुकसान होईल. चाक खाली दाबणारं वजन पेलतं, पण गाडी मागे जड झाली आणि जू वर उठू लागलं तर ते हवेत लटकतं. ते उलाळ थांबवू शकत नाही. म्हणून ‘सारथी’सारखी जोडणी मला हवीच वाटते, पण नीट रचलेल्या गाडीला.

ट्रॅक्टरपाशी आलं की प्रश्न उलटा होतो. बैलाची मान मोकळी ठेवायची असते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना मात्र थोडं ओझं लागतं, नाहीतर ती जागीच फिरतात. दोन चाकांच्या ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या मागे खाली दाबते आणि त्या दाबाने टायर जमीन धरतात. इथवर ते उपकारक आहे. पण दांडी मागच्या कण्याच्या मागे जोडलेली असते, आणि मागे जे दाबलं जातं ते पुढे उचललं जातं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. चढावर तर तो पुढून उठू लागतो. ओढ जितकी उंचावरून घ्याल तितका हा धोका वाढतो. म्हणून ट्रॉली कायम खालच्या ड्रॉबारलाच जोडायची, मागच्या कण्याच्या वरच्या कुठल्याही जागी नाही. यात तडजोड चालत नाही, माणसं मेलेली आहेत.

चार चाकांच्या ट्रॉलीने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिचा पुढचा आस फिरत्या चकतीवर बसतो, दांडी बिजागरीसारखी वरखाली होते, आणि ट्रॉलीतला सगळा ऊस तिच्या स्वतःच्याच चार चाकांवर राहतो. ट्रॅक्टरवर दांडीच्या वजनापलीकडे काही येत नाही. उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडता येतात त्या यामुळे. पण त्याची किंमत मागची चाकं मोजतात: त्यांना दाबणारं काही उरत नाही, म्हणून टायरमध्ये पाणी भरावं लागतं, पुढे-मागे लोखंडी वजनं लावावी लागतात. आणि उतारावर दोन ट्रॉल्यांचा रेटा मागून येतो तेव्हा हलका ट्रॅक्टर तो कसा थोपवणार, हा प्रश्न उरतोच. बैलगाडीत सांध्यावर भार जास्त झाला तर वाईट, इथे अगदीच नसला तरी वाईट.

आता समुद्रापलीकडे. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही तिथल्या रीतीप्रमाणे सुट्टीत मोटारीमागे राहतं घर जोडून निघतात, आणि ट्रेलर विकत घेताना त्यांना एक प्रश्न हमखास पडतो: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे भार वाटून देणारी जोडणी, घ्यावी की नको? दुकानदार घ्या म्हणतो, शेजारी म्हणतो इतकी वर्षं मी तशीच ओढतो. आजऱ्याच्या गाडीवानाला जे माहीत आहे त्यावरून याचं उत्तर काढता येतं.

या ट्रेलरची चाकं मध्याच्या थोडी मागे असतात आणि पुढची दांडी मोटारीच्या मागे एका गोळ्यावर टेकते. म्हणजे ती दोन चाकांचीच गाडी, बैलाच्या जागी मोटार. तिकडे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गोळ्यावर असावा असा दंडक आहे. तीन हजार किलोचा ट्रेलर आणि गोळ्यावर ३६० किलो असं धरू. मोटारीच्या दोन आसांमधलं अंतर ३.६ मीटर, आणि गोळा मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे. मग काय होतं? मागच्या आसावर ३६० नव्हे, ४८० किलो वाढतात, आणि पुढच्या आसावरचे १२० किलो कमी होतात. मोटार मागून बसते, पुढून उठते, दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात, आणि ज्या चाकांनी वळायचं आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलायचा तीच हलकी होतात. पुढून उठणाऱ्या ट्रॅक्टरचाच हा सौम्य आणि जास्त वेगवान भाऊ.

भार वाटून देणाऱ्या जोडणीत गोळ्यापासून मागे, ट्रेलरच्या दांडीलगत, दोन लवचिक पोलादी पट्ट्या असतात. त्यांची टोकं साखळ्यांनी ताणून वर बांधली की त्या मोटारीच्या मागच्या भागाला वर ढकलू पाहतात आणि सांधा ताठ होतो. वरच्या गाडीत गोळ्यापासून ट्रेलरच्या आसापर्यंत सहा मीटर अंतर असेल आणि पट्ट्या पुढच्या आसाचे गेलेले १२० किलो पूर्ण परत येतील इतक्या ताणल्या, तर मागच्या आसावरची वाढ ४८० वरून ३०० वर येते आणि उरलेले ६० किलो ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर जातात. पुढे शून्य, मागे ३००, ट्रेलरवर ६०. बेरीज करा: ३६०. एक किलोही कमी झालेला नाही. ‘सारथी’च्या चाकाने जे केलं तेच इथे पोलादाच्या ताणाने केलं. ज्याला ही बेरीज एकदा कळली त्याला या जोडणीकडून काय मागावं आणि काय मागू नये, दोन्ही कळतं.

मागू नये ते आधी. पहिलं, ही जोडणी मोटारीची ओढण्याची मर्यादा वाढवत नाही, आणि घाटात उतरताना ट्रेलरला थोपवत नाही. ते काम ट्रेलरच्या ब्रेकचं. दुसरं, जास्त ताण म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही. मागच्या आसावरचं ओझं फार कमी केलं तर मागचे टायर रस्ता सोडू लागतात आणि ओल्या वळणावर मोटार मागून सरकते. म्हणून कित्येक वाहन-निर्माते गेलेला सगळा भार पुढे आणायला सांगत नाहीत, साधारण निम्माच आणायला सांगतात. वरच्या गाडीत ते साठ किलो झाले. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: मागे जड भरलेल्या ट्रेलरला ही जोडणी वाचवत नाही. बैलगाडी ताशी चार किलोमीटरने चालते, म्हणून तिथे मागे जड म्हणजे उलाळ. ताशी नव्वदच्या वेगात तोच दोष ट्रेलरला डावीकडे-उजवीकडे हेलकावे देतो, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो, आणि शेवटी शेपटी मोटारीला फिरवते. हेलकावे दाबणारी घर्षणाची सोय कित्येक जोडण्यांत असते आणि ती उपयोगी आहे, पण औषध एकच: पाण्याची टाकी, बॅटरी, डबाबंद सामान, सगळं जड सामान चाकांच्या जरा पुढे घ्या आणि गोळ्यावरचा भार दहा टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

युरोपात ही जोडणी फारशी दिसत नाही, यावरून ती निरुपयोगी आहे असा अर्थ काढणं चूक ठरेल. तिथले ट्रेलर हलके, चाकं मध्याजवळ, गोळ्यावरचा भार एकूण वजनाच्या पाच-सात टक्केच, आणि तिथल्या बहुतेक मोटारींना पाऊणशे ते शंभर किलोपलीकडे तो परवडत नाही. ट्रेलर जोडलेल्या मोटारीची वेगमर्यादाही कमी असते. जर्मनीत ती साधारणपणे ताशी ऐंशी आहे. भार कमी, म्हणून वाटण्याची गरज कमी. आणि भार कमी म्हणून हेलकाव्यांची भीती जास्त, ती वेगाला लगाम घालून आटोक्यात ठेवली आहे. प्रत्येक मुलखाने आपल्या रस्त्याप्रमाणे ‘थोडा’ या शब्दाचं माप ठरवलं आहे, जसं आजऱ्याने आपल्या चढांप्रमाणे.

तेव्हा माझा निर्णय असा. आधी मोटारीसोबत आलेली पुस्तिका उघडा. काही निर्माते ट्रेलर सुमारे ५००० पौंडांपुढे, म्हणजे २२७० किलोंपुढे गेला की ही जोडणी सक्तीची करतात. काही छोट्या गाड्यांना ती लावायलाच मनाई असते, कारण त्यांचा मागचा सांगाडा तो ताण सोसत नाही. दोन्ही ठिकाणी पुस्तिकेचं ऐका. त्यात स्पष्ट काही नसेल तर सपाट जागेवर ट्रेलर जोडण्याआधी आणि नंतर पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा. बोटभरच फरक पडत असेल आणि ट्रेलर हलका असेल, तर पैसे वाचवा. पुढचा भाग ठळकपणे उचलला जात असेल, तर ट्रेलर परत रचा. रचून झाल्यावरही, गोळ्यावर योग्य भार असूनही, तो उचललेलाच राहत असेल, तर ही जोडणी जरूर घ्या, निम्मा ते पूर्ण भार परत येईल इतकी ताणा, त्यापुढे नको. रस्ता अचानक खोल वाकतो तिथे, पेट्रोल पंपाच्या उतारावर, पट्ट्यांवर फार ताण येतो. तिथे हळू चला. आणि चुकीचं रचलेलं सामान झाकायला ती कधीही घेऊ नका.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आंबोलीचा पाऊस पाहायला येणाऱ्यांत उद्या अशी फिरती घरं वाढतील. ज्यांना मोटारीमागे ट्रेलर जोडून घाट चढायचा आहे त्यांना वरचं सगळं लागू आहे, आणि चढाचा हिशेब तर अमेरिकेपेक्षा इथे जास्त लागू आहे. पण आजऱ्याच्या रस्त्यावर आज सांध्यावरचा भार सोसणारं मुख्य जनावर बैलच आहे, आणि त्याच्यासाठी एक गोष्ट याच हंगामात करता येण्यासारखी आहे. तिला नवं यंत्र लागत नाही.

अमेरिकेत ट्रेलरवाले महामार्गावरच्या वजनकाट्यावर जाऊन मोटारीचे दोन आस आणि ट्रेलरचा आस वेगवेगळे तोलतात, आणि वजाबाकीने गोळ्यावरचा भार काढतात. आपल्या प्रत्येक कारखान्याच्या दारात तसाच काटा आहे. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, बैल सोडून पुढचा टेकूही काट्यावरच लावायचा आणि वजन पाहायचं. मग बैल जुंपून त्यांना काट्याच्या पुढे जमिनीवर उभं करायचं, फक्त चाकं काट्यावर ठेवायची आणि पुन्हा पाहायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जुवावरचा भार. याला काही मिनिटं लागतात. रोज प्रत्येक गाडीला हे करणं शक्य नाही, ते मी मागतही नाही. पण हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक गाडीवानाला एकदा त्याच्या गाडीचा हा आकडा दाखवावा, साठच्या जागी दीडशे निघाला तर मोळ्या कशा फिरवायच्या ते जाणत्याने त्याला तिथेच सांगावं, आणि दुसऱ्या फेरीला पुन्हा मोजून द्यावं. गवसेच्या कारखान्याने, आणि हिरण्यकेशी-घटप्रभेच्या खोऱ्यातल्या प्रत्येक कारखान्याने, येत्या गळिताच्या पहिल्या आठवड्यात ही सोय सुरू करावी, अशी माझी संचालकांना आणि शेती विभागांना विनंती आहे.